वाड्याच्या यादीत काय लिहायचं

2020 च्या मार्चअखेर कोरोनामुळे सोलापूर बंद झालं तेव्हा साखर पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात सहा बिऱ्हाडं राहत होती. अंगण एक, नळ एक, बाहेर पडायचा दरवाजाही एकच. प्रत्येक घरातून एकेक माणूस पिशवी घेऊन निघाला तर बाकीच्यांनी घरात बसून काय उपयोग, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. बाहेर एकानेच जायचं आणि सगळ्यांचं आणायचं, असं पहिल्याच आठवड्यात ठरलं. जाणार माझा पुतण्या. विशीतला, तब्येतीने चांगला आणि चालायला कंटाळा न करणारा, कारण गाडी काढली की चौकात पोलीस अडवत होते. यादी लिहायचं काम माझ्याकडे आलं, मी एका टॉवेल कारखान्यात हिशेबाला आहे म्हणून. यादी लिहिणारीलाच यादीतलं खोडावंही लागतं, आणि मला सगळ्यात जड गेलं ते हेच.

लॉकडाऊनच्या आदेशात काय उघडं राहणार ते स्पष्ट होतं: किराणा, रेशन, दूध, भाजी, फळं, मटण-मासळी, जनावरांचा चारा, औषधं, गॅस, बँक. वाड्यातले एक काका म्हणायचे, "दुकान उघडं हाय म्हणजे जायला परवानगी हाय की." मला ते पहिल्यापासून पटलं नाही. कोणतं दुकान उघडं ठेवायचं हे सरकारने ठरवलं होतं. त्या दुकानासाठी आमचं पोरगं बाहेर पाठवायचं का, हे आम्हालाच ठरवायचं होतं. परवानगी रव्याला होती, मैद्याला होती, कस्टर्ड पावडरीलाही होती. पण पोराला हात दोनच, त्यात मावतील तेवढ्याच पिशव्या. एका घराचा मैदा गेला की दुसऱ्याची डाळ राहणार, हिशेब इतका उघड होता.

म्हणून मी प्रत्येक घराला एकच विचारायचं ठरवलं: हे पुढच्या खेपेपर्यंत आलं नाही तर कुणाचं काय अडेल? उत्तरात माणसाचं नाव आलं पाहिजे. "घरात असलेलं बरं" हे उत्तर मी धरत नव्हते. पहिल्या यादीत अर्ध्याहून अधिक वस्तू तशाच होत्या, आणि त्यात कुणाचा लोभ नव्हता. पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं, त्या भीतीने लोक साखर लिहीत होते. 25 मार्चला पाडवा होता. गाठी यादीत आल्या आणि पहिल्या झटक्यात निघाल्याही. कडुलिंबाचा डहाळा कोपऱ्यावरच्या झाडाचा मिळाला, गुढीला साखरेऐवजी गुळाचा खडा चालला. त्यावर कुणी हुज्जत घातली नाही.

औषधांचं काम सगळ्यात सोपं वाटलं होतं. ते सोपं नव्हतं. ब्लडप्रेशर आणि शुगरच्या गोळ्या घेणारी वाड्यात चार माणसं, आणि एकालाही गोळीचं नाव सांगता येईना. "ती पांढरी, बारकी," एवढीच ओळख. शेवटी मी प्रत्येकाच्या रिकाम्या पट्टीचा नाव असलेला तुकडा कात्रीने कापून घेतला, वहीच्या पानाला टाचणीने लावला आणि खाली लिहिलं: कोणाची, रोज किती, शिल्लक किती. ते पान पुतण्या मोबाईलमध्ये फोटो काढून न्यायचा. दुकानदाराकडे तीच कंपनी नसेल तर तो दुसरी काढून द्यायचा. तेव्हा आतल्या औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम जुळतात का ते मी फोनवर वाचून घ्यायची आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी कुणाला द्यायची नाही, हे पाळलं. शिल्लक आठ दिवसांच्या खाली आली की ती गोळी यादीच्या डोक्यावर, बाकी सगळं नंतर.

पॅडचं मात्र कुणी बोलेना. वाड्यात पाळी येणाऱ्या आम्ही पाच-सहा बायका, आणि यादी जाणार एका पोराच्या हातात. पहिल्या खेपेला दोघींनी मला कानात सांगितलं, एकीने सांगितलंच नाही, जुनं कापड काढलं. मी त्या पोराला समोर बसवून सांगितलं, की बाबा हे आहे, हे असं मागायचं, आणि यादीत ते साबणाच्या ओळीखाली सरळ शब्दांत लिहिलं. तो लाजला नाही. "काकू, कुठल्या कंपनीचं ते पन लिवा की," एवढंच म्हणाला. दुकानदारच गोंधळला होता, हे द्यायचं की नाही म्हणून. मार्चच्या शेवटी केंद्रीय गृह सचिवांनी राज्यांना पत्र पाठवून स्पष्ट केलं, की किराण्यात साबण, हँडवॉश, टूथपेस्ट, सॅनिटरी पॅड, डायपर, बॅटरीचे सेल, चार्जर हेही धरायचं. ते पत्र यायला नको होतं असं मी म्हणत नाही, आलं ते बरंच झालं. पण ते वेगळं लिहून कळवावं लागलं याचं मला आजही वाईट वाटतं. देशातल्या कोट्यवधी बायकांची दर महिन्याची गरज सरकारच्या पहिल्या यादीत कुणाच्या डोळ्यांसमोर आली नसावी.

वरच्या माडीवर अक्का राहतात. तेलुगू बोलणाऱ्या, विड्या वळणाऱ्या. सोलापूरच्या पूर्व भागात अशी हजारो घरं आहेत: बाई कारखान्यातून पानं आणि तंबाखू आणते, घरी बसून विड्या वळते, हजारी हिशेबाने मजुरी घेते, नवरा यंत्रमागावर. लॉकडाऊन लागला आणि विडी कारखाना बंद, मागही बंद. एकाच रात्रीत घरातल्या दोन्ही मजुऱ्या थांबल्या. अक्कांची यादी सगळ्यांत छोटी होती. "वहिनी, तेल पाव किलो लिवा. चा पत्ती पाच रुपयेवाली दोन पुडी. बास." मी विचारलं, डाळ? "हाय थोडी." मी वर जाऊन डबा पाहिला. तळाशी मूठभर तूरडाळ होती, घरात खाणारी पाच माणसं.

इथे माझा प्रश्न उपयोगाचा राहिला नाही. कुणाचं काय अडेल असं विचारल्यावर अक्का प्रामाणिकपणे सांगत होत्या की काही अडणार नाही, कारण पैसे नसले की माणूस आपली गरजच आखडून घेतो. दुसरीकडे पगार चालू असलेलं घर तितक्याच प्रामाणिकपणे सांगत होतं की शेंगदाणे संपत आलेत, चटणी कशाची करायची. दोघांनाही एकच माप लावलं तर यादी सरळ दिसली असती आणि वर माडीवर उपासमार झाली असती. त्या रात्री सगळ्यांना अंगणात लांब लांब बसवून मी म्हटलं, तेल, डाळ, पीठ, तांदूळ, मीठ हे घराघराचं लिहायचं नाही. वाड्याचं म्हणून लिहायचं, माणसं मोजून वाटायचं आणि पैसे ज्याला जमतील तसे. दोन घरं गप्प राहिली. एकाने विचारलं, "परत कधी मिळणार?" मी खरं तेच सांगितलं, की मला ठाऊक नाही. तरीही झालं. तेलाचा पाच लिटरचा कॅन आला की माझ्या ओट्यावर सहा बरण्या मांडायच्या, एकाच वाटीने मापायचं, वाटी उपडी करून शेवटचा थेंब गळेपर्यंत थांबायचं. माणशी माप असल्यामुळे अक्कांची बरणी सगळ्यांत जास्त भरायची. पहिल्यांदा त्यांनी ती उचललीच नाही. त्यांच्या मुलीने उचलली.

ही मुलगी दहावीची. 23 मार्चचा भूगोलाचा पेपर तेवढा राहिला होता. तो आधी पुढे ढकलला, एप्रिलमध्ये रद्द झाला, आणि मधले तीन आठवडे पोरगी नकाशे काढत बसली होती. तिने आपण होऊन वहीत एक ओळ लिहिली: रिफिल, निळी, एक. काका म्हणाले, "पेन कसलं जीवनावश्यक?" मी ती ओळ ठेवली. किराणा दुकानात बिस्किटाच्या बरणीमागे रिफिलींचा डबा असतोच, पोराला त्यासाठी वेगळं कुठे जायचं नव्हतं. मोबाईलच्या रिचार्जवरून मात्र चांगलाच वाद झाला. काकांच्या मते ती चैन. पण रेशन कधी येणार, कुठला भाग सील झाला, डॉक्टर कधी फोनवर मिळतील, हे सगळं त्या फोनवरच कळत होतं. अक्कांच्या नवऱ्याचे आईवडील तेलंगणात अडकले होते, त्यांची खुशाली कळायचा तो एकच मार्ग. रिचार्ज यादीत राहिलं. पुढे 21 एप्रिलला केंद्राने प्रीपेड रिचार्ज, शाळेची पुस्तकं, पिठाच्या आणि डाळीच्या गिरण्या आणि विजेचे पंखे यांना मुभा दिली तेव्हा काका स्वतः येऊन म्हणाले, "पोरीचं पेन बरोबर होतं बघ."

मशेरीचं सांगायलाच हवं. खालच्या खोलीत अव्वा, वय सत्तरीच्या पुढे, लहानपणापासून मशेरी लावायची सवय. पानटपऱ्या बंद झाल्या आणि घरातली डबी संपली. दोन दिवस त्या नुसत्या भिंतीला टेकून बसल्या. डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, सुनेवर ओरडायचं आणि मग रडायचं. "पोरी, एवढं एक आण गं. मी भाकरी एक कमी खाते." विचारलं असतं तर उत्तर तयार होतं: अव्वांचं अडतंय, आणि ते डोळ्यांना दिसतंय. तरीही मी ते यादीत घेतलं नाही. तंबाखू चोरून विकली जात होती, चौपट-पाचपट भावाने, मागच्या दाराने, आणि तिथे जायचं होतं ते आमच्या पुतण्याला. पोलिसांनी धरलं असतं तर सहा घरांची खेप बंद. एका माणसाची गरज खरी असूनही ती भागवायला दुसऱ्याला किती धोक्यात घालायचं, याचा विचार तिथे पहिल्यांदा करावा लागला. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी डोकेदुखीला गोळी सांगितली, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि घरच्यांनी काही दिवस सोसा म्हणाले. सून दिवसातून दोनदा भाजलेल्या बडीशेपेची पूड करून द्यायची, ती अव्वा दातांना लावायच्या आणि थुंकायच्या. चार-सहा दिवसांनी त्या अंगणात आल्या, पण माझ्याशी बोलायला बरेच दिवस लागले. मी आजही तोच निर्णय घेईन, आणि त्यांचा राग रास्त होता असंही म्हणेन.

एप्रिल-मेमधलं सोलापूर ज्याने पाहिलंय त्याला पंख्याचं वेगळं सांगायला नको. पारा चाळिशीच्या वर, माडीवरचे पत्रे तापलेले, रात्री दोन वाजता भिंतीला हात लावला तरी गरम. मधल्या खोलीत अर्धांगवायूने पडून असलेले अण्णा, आणि त्यांचाच पंखा मंदावला. कंडेन्सर गेला होता. एरवी नव्या पेठेत जाऊन कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानातून आणण्याची वस्तू. पण दुकान बंद, आणि किराणा दुकानात तो मिळत नाही. केंद्राने पंख्याच्या दुकानांना मुभा दिली म्हणून आपल्या भागातलं दुकान उघडलं असं होत नव्हतं. आमच्याकडे तर तोवर रस्ते बंद झाले होते. ज्या घरात दोन पंखे होते त्यांनी एक काढून दिला, समोरच्या इमारतीतल्या वायरमनने गॅलरीतून ओरडून सांगितलं तशी पुतण्याने मेन स्विच बंद करून वायर जोडली. पाण्याच्या पिंपाच्या तोटीचंही तसंच. इथे तेव्हा नळाला रोज पाणी येत नव्हतं, चार-चार दिवसांचं भरून ठेवावं लागायचं, आणि सारखे हात धुवा असं सगळीकडे सांगत असताना आमच्या मोठ्या पिंपाची तोटी गळायला लागली. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, वर सुतळी आवळली, तिच्यावर उन्हाळा निघाला. कस्टर्ड पावडर रोज मिळत होती आणि तोटी मिळत नव्हती. यादी करणाऱ्यांनी खाण्याचा विचार नीट केला होता, पण घर चालतं कशावर याचा पुरेसा केला नव्हता, असं माझं स्पष्ट मत आहे.

12 एप्रिलला शहरात पहिला रुग्ण सापडला, तोही आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, पाच्छा पेठेत. मग आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांबू आले, पत्रे आले. खेप थांबली. दुकानदाराला फोन करायचा, तो सांगेल तेवढंच पोतं बांबूपाशी येऊन पडायचं, ठरल्या वेळी ते उचलायचं. निवडीचा प्रश्नच उरला नाही. रेशनने त्या काळात तारलं. अक्कांच्या कार्डावर माणशी 5 किलो मोफतचा तांदूळ आला. एरवी धान्य न मिळणाऱ्या आमच्यातल्या दोन केशरी कार्डांना मे-जूनसाठी माणशी 3 किलो गहू 8 रुपयांनी आणि 2 किलो तांदूळ 12 रुपयांनी मिळाला. वाड्याच्या वाटणीत तेही एकत्र आलं, न सांगता.

गल्ली सील होण्याआधीची द्राक्षांची गोष्ट राहिली. नान्नजकडचा एक शेतकरी टेम्पो घेऊन दारात आला. माल तयार, बाजार नाही, व्यापारी उचलत नाही. एरवी दुप्पट-तिप्पट भावाने जाणारी द्राक्षं तो पेटीसकट देत होता. यादीच्या हिशेबाने द्राक्षं कुणालाच नको होती. मी घ्यायला लावली, प्रत्येक घराला थोडी, आणि त्या खेपेला पोह्यांवर फुली मारली. मी विचारत होते ते सगळं घेणाऱ्याच्या बाजूने. विकणाऱ्याचं काय अडतंय हे कुणी विचारत नव्हतं. त्या वर्षी कित्येकांनी विकता येईना म्हणून बागेचा बेदाणा करायला घातला, ज्याला तेही जमलं नाही त्याच्या वेलावरच माल सडला. पेटी उतरवताना तो माणूस मला म्हणाला, "ताई, औषधाची उधारी तरी फिटंल." मग द्राक्षं चैन कशी म्हणायची?

वर्षाच्या बेगमीचं आम्ही सरळ सोडून दिलं. मार्च ते मे हे आमच्याकडे मालदांडी ज्वारी भरायचे, मिरच्या वाळवून तिखट कांडून आणायचे, पापड-कुरडया घालायचे दिवस. कांडपयंत्र बंद, मिरची आली तरी करायचं काय. पाव पाव किलो तयार चटणीवर दिवस काढले. घरोघरच्या बायकांना त्याचं जितकं वाईट वाटलं तितकं कशाचंच वाटलं नसेल, पण एकीनेही ते यादीत लिहिलं नाही.

जुलैत शहर पुन्हा दहा दिवस कडकडीत बंद झालं तेव्हा वही तयार होती. गोळ्यांची पानं, माणशी मापं, दुकानदाराचा नंबर, सगळं जागच्या जागी. विडी कारखाना तोवर सुरू झाला होता. अक्कांनी मागचे पैसे थोडे थोडे करून द्यायला सुरुवात केली, मी नको म्हटलं तरी. शेवटी मी ते घेऊन वाड्याच्या नावाने वेगळे ठेवले.

2021 च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली, किराणा सकाळी 7 ते 11 एवढाच उघडा राहू लागला. तेलाचे भाव वर्षभरात खूप चढले होते, त्यामुळे कॅन पुन्हा वाटून घेणं आपसूक सुरू झालं. यावेळी यादीच्या डोक्यावर नवीच वस्तू होती, ऑक्सिमीटर. गल्लीत माणसं आजारी पडत होती, बेड मिळत नव्हते, आणि बोटाला लावल्यावर आकडा 94 च्या खाली गेला की डॉक्टरांना कळवायचं, एवढं सगळ्यांना पाठ झालं होतं. सहा घरांनी सहा घ्यावेत असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. मेडिकलमध्ये होतेच थोडे, आणि बाहेर ज्यांच्या घरी आजारी माणूस होतं त्यांनाही ते लागणार होते. वाड्याच्या वेगळ्या ठेवलेल्या पैशांतून एक घेतला. तो अक्कांकडे ठेवायचं ठरलं. रात्री कितीही वाजता हाक मारली तरी लगेच उठणारं घर तेच होतं.